एपीके काढली तरी फोन पुन्हा तेच करतोय: कुठे बघायचं, कोणत्या क्रमाने

तक्रार जवळपास ठरलेली असते. व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान' किंवा 'केवायसी अपडेट' अशा नावाची फाइल आली. नावाच्या शेवटी .एपीके (म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल) होतं, पण ते कोण बघतं? उघडली, काहीतरी इन्स्टॉल झालं, मग शंका आली म्हणून काढून टाकली. दोन दिवसांनी तीच फाइल आपल्या नंबरवरून सोसायटीच्या ग्रुपवर, व्याह्यांना आणि ऑफिसातल्या साहेबांना गेलेली. पुन्हा काढली, पुन्हा तेच.

हे सगळं अँड्रॉइड फोनबद्दल आहे. आयफोनवर एपीके चालत नाही. तिथे तुमच्या नावाने फाइली जात असतील तर लिंक्ड डिव्हायसेस (व्हॉट्सअॅपला जोडलेली दुसरी उपकरणं) आणि कॉल फॉरवर्डिंग (कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) एवढ्याच दोन तपासण्या पुरतात, म्हणजे खालची तिसरी आणि चौथी.

लक्षणं

सगळी एकत्र दिसत नाहीत. जी दिसतात ती कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे कोणत्या वाटेने जायचं ते त्यावरून ठरतं.

• तुम्ही न पाठवलेली एपीके तुमच्या नावाने लोकांना जाते.
• व्हॉट्सअॅप आपोआप बंद पडून नंबर पुन्हा पडताळायला सांगतं.
• न मागितलेले ओटीपी येतात. किंवा पैसे जातात आणि ओटीपी कधी आलेलाच दिसत नाही.
• मेसेजच्या यादीत, तुमच्याकडून अनोळखी नंबरला गेलेला, अगम्य अक्षरांचा लांबलचक मेसेज सापडतो.
• लोक म्हणतात, 'फोन केला होता, कुणीतरी दुसऱ्यानेच उचलला.' तुमच्याकडे मात्र रिंगच वाजलेली नसते.
• अॅप काढायला जावं तर सेटिंग्जचं पान आपोआप बंद होतं, किंवा अनइन्स्टॉलचं बटण फिकट पडलेलं असतं, दाबलंच जात नाही.
• इन्स्टॉल केल्यावर दिसलेला आयकॉन नंतर गायब झाला.
• वरच्या पट्टीत किल्लीचं छोटं चिन्ह, म्हणजे व्हीपीएन (फोनचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारी सोय) चालू, आणि तुम्ही कोणतंही व्हीपीएन वापरत नाही.

फोन गरम होणं आणि बॅटरी लवकर संपणं मुद्दामच या यादीत घेतलेलं नाही. तीन वर्षं जुना फोन उन्हाळ्यात तेच करतो. वरच्यापैकी काही सोबत असेल तरच त्याला अर्थ.

काढूनही परत का येतं?

'काढलं' म्हणजे बहुतेक जणांनी तीनपैकी एक केलेलं असतं: व्हॉट्सअॅपमधली फाइल डिलीट केली, होम स्क्रीनवरचा आयकॉन ओढून टाकला, किंवा दोनपैकी एकच अॅप अनइन्स्टॉल केलं. पहिल्या दोन्हींनी अॅपला धक्काही लागत नाही. तिसऱ्यापाशी मात्र घोडं पेंड खातं.

ही प्रकरणं बऱ्याचदा जोडीने येतात. तुम्ही उघडलेली एपीके नुसती आणून सोडणारी असते. ती उघडताच 'नवीन अपडेट उपलब्ध आहे' असं पान दाखवते, तुम्ही अपडेट दाबता आणि तिच्या पोटात दडलेलं दुसरं अॅप बसतं. ओटीपी वाचणं, मेसेज पाठवणं ही खरी कामं या दुसऱ्याची. त्याला आयकॉन नसतो. तुम्हाला पहिलं सापडतं, तुम्ही ते काढता आणि सुटलो म्हणता. उलटही होतं: दुसरं काढलं आणि पहिलं राहिलं, तर पुन्हा कधीतरी 'अपडेट' चं पान येतं आणि घरातलं कुणीतरी ते दाबतं.

परत येण्याचं आणखी एक कारण फोनमध्ये नसतंच. चोराने तुमच्या व्हॉट्सअॅपला स्वतःचा संगणक जोडून ठेवला असेल तर फोन धुऊनपुसून घेतला तरी फाइली जात राहतात. म्हणून सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की पाठवणारा हात फोनच्या आतला आहे की बाहेरचा.

सुरुवातीलाच दोन गोष्टी टाळा

त्याच फोनवर बसून पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलू नका. जे अॅप स्क्रीन आणि मेसेज वाचतंय त्याच्याच समोर नवा पासवर्ड टाइप केल्यासारखं होतं ते.

आणि घाईने फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा, करू नका. पैसे गेले असतील तर फोनमधली फाइल, ती पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ, मेसेज हा सगळा पुरावा आहे. रीसेटमध्ये तो पुसला जातो. पैसे गेले नसले तरी नुसत्या रीसेटने बाहेरचा हात सुटत नाही.

पैसे गेले असतील तर इथेच थांबा. खालच्या तपासण्या नंतर. दुसऱ्या फोनवरून आधी १९३० लावा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही कळवा. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि खात्याचा नंबर हाताशी ठेवा. एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पैसे मिनिटांत हलतात. मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा.

पहिली तपासणी: नेट बंद, सिम बाहेर (खर्च शून्य, दोन मिनिटं)

एअरप्लेन मोड चालू करा आणि वायफायचं चिन्ह खरंच गेलं का ते बघा. काही फोन एअरप्लेन मोडमध्येही वायफाय चालू ठेवतात, विशेषतः आधी कधी तसं वापरलं असेल तर.

मग सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, शक्यतो साध्या बटणांच्या. या सगळ्या चोरीचा आधार ओटीपी. सिम जिथे असेल तिथे ओटीपी जाणार आणि बटणांच्या फोनमध्ये हे अॅप नाही. एक अडचण मात्र येते: जिओचं सिम जुन्या टू-जी डब्यात चालत नाही, त्याला फोर-जी चालणारा बटणांचा फोन लागतो. फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्ही काढा. बँकेला जोडलेला नंबर कोणता हे घाईत हमखास चुकतं. ई-सिम (फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम) असेल तर ते असं काढता येत नाही, तेव्हा एअरप्लेन मोडवरच राहा.

आता त्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर डेबिट कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर शोधून मिळालेला नको, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड तात्पुरतं बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. पैसे गेलेले नसले तरी हे करायचं. एपीकेच्या खोट्या फॉर्ममध्ये कार्डाचे आकडे, मुदत आणि पिन भरला होता का, ते आठवा. भरला असेल तर कार्ड कायमचं रद्द करून नवं मागवा.

दुसरी तपासणी: हात आतला की बाहेरचा (१५ मिनिटं)

फोन एअरप्लेन मोडमध्येच ठेवा. ज्या दोघा-तिघांना फाइल गेली होती त्यांना दुसऱ्या फोनवरून सांगा, 'माझ्या नंबरवरून काही आलं तर किती वाजता आलं ते सांग.'

फोन नेटवर नसताना फाइल गेली तर प्रश्न मिटला: पाठवणारा बाहेर बसलाय. व्हॉट्सअॅपला जोडलेला संगणक फोन बंद असतानाही चालतो. फोन १४ दिवस वापरात नसेल तेव्हाच तो आपोआप तुटतो.

काहीच गेलं नाही, तर फोनमधलं अॅप दोषी असण्याची शक्यता वाढते, पण ते सिद्ध होत नाही. चोर जेवायला गेला असेल, किंवा सगळ्या यादीला पाठवून मोकळा झाला असेल. दोन्ही वाटा तपासा, फक्त सुरुवात कुठून करायची ते या चाचणीने ठरतं.

तुमच्या फोनवर व्हॉट्सअॅप 'नंबर पडताळा' म्हणत असेल तर तिसरीच गोष्ट घडलीय: चोराने तुमचा ओटीपी वापरून खातं स्वतःच्या फोनवर नेलंय.

तिसरी तपासणी: व्हॉट्सअॅप (पाच मिनिटं)

सिम बाहेर आहे, आता फक्त वायफाय चालू करा. सिमशिवायही आधीपासून चालू असलेलं व्हॉट्सअॅप चालतं. वरचे तीन ठिपके, लिंक्ड डिव्हायसेस. तिथे जे जे दिसेल ते लॉगआउट करा, तुमचा ऑफिसचा संगणक वाटतो तोही. तो पुन्हा जोडायला अर्धं मिनिट लागतं; 'हा माझाच असेल' म्हणून सोडलेला क्रोम ब्राउझर चोराचा निघाला, तर सगळं पुन्हा करावं लागतं.

मग सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन लावा. इथे नियम थोडा मोडतोय, कारण फोन अजून स्वच्छ नाही. म्हणून हा पिन तात्पुरता समजा आणि शेवटी बदला. आत्ता लावायचं कारण असं, की पिन असेल तर नुसत्या ओटीपीवर खातं दुसरीकडे नेता येत नाही.

खातं आधीच नेलं असेल तर सिम एखाद्या स्वच्छ स्मार्टफोनमध्ये घाला, तिथे व्हॉट्सअॅप बसवून नंबर पडताळा. तुमच्याकडे ओटीपी आला आणि तुम्ही तो भरला की चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं. पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो, एवढं समाधान.

आत आल्यावर पाठवलेल्या फाइली 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. साधारण दोन दिवसांपर्यंतच ते जमतं. ग्रुपमध्ये गेलेल्या असतील तर ग्रुपच्या अॅडमिनलाही सांगा, अॅडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. तुम्हाला जिथून फाइल आली ते चॅट मात्र ठेवा. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि वेळ दिसेल असा.

चौथी तपासणी: कॉल फॉरवर्डिंग (दोन मिनिटं, आणि हीच सगळ्यात जास्त विसरली जाते)

कॉल करण्याची परवानगी मिळालेलं अॅप गुपचूप फॉरवर्डिंगचा कोड लावू शकतं. मग बँकेचा खात्रीचा फोन आणि व्हॉट्सअॅपचा बोलून सांगितला जाणारा ओटीपी चोराच्या कानात जातो. आणि हे सेटिंग फोनमध्ये नसतं, सिम कंपनीच्या यंत्रणेत असतं. म्हणजे रीसेट करा, नवा फोन घ्या, ते तसंच राहतं. सगळं करूनही पुन्हा फसगत झाली की फॉरवर्डिंग आधी बघावं.

सिम ज्या फोनमध्ये आहे तिथून *#२१# लावा. सगळे कॉल वळवलेत का ते दिसेल. मग *#६७# (फोन व्यस्त असताना), *#६१# (न उचलल्यास) आणि *#६२# (फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना). शेवटच्या कोडवर एखादा नंबर दिसला तर लगेच घाबरू नका. बऱ्याचदा तो कंपनीच्याच मिस्ड कॉल सेवेचा असतो. कस्टमर केअरला विचारून खात्री करा. *#२१# वर मात्र अनोळखी मोबाइल नंबर दिसला तर शंका नको.

सगळं पुसायला ##००२# लावा. कोड चालला नाही तर फोन अॅपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग शोधून बंद करा, तेही नाही जमलं तर कस्टमर केअरला सांगा. दोन सिम असतील तर हे सगळं दोन्हींवरून वेगवेगळं करायचं.

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# ही फॉरवर्डिंगची सोय बंद करायला लावली, कारण 'कुरिअर येतंय, हा कोड दाबा' म्हणून लोकांना फसवलं जात होतं. एक दार बंद झालं, फॉरवर्डिंग ही सोय आहेच.

पाचवी तपासणी: मेसेज कोण हाताळतंय (पाच मिनिटं)

सेटिंग्ज, अॅप्स, डीफॉल्ट अॅप्स, एसएमएस अॅप. तिथे गूगल मेसेजेस किंवा फोन कंपनीचं नेहमीचं अॅप असायला हवं. दुसरं काही असेल तर ते बदला आणि त्याचं नाव लिहून घ्या.

याला महत्त्व का? अँड्रॉइडमध्ये मेसेज पुसण्याचा हक्क फक्त डीफॉल्ट एसएमएस अॅपला असतो. बाकीच्यांना परवानगी मिळाली तर मेसेज वाचता येतात, पाठवता येतात, पण आलेला मेसेज नाहीसा करता येत नाही. म्हणून 'ओटीपी दिसलाच नाही' अशी तक्रार असेल तर दोनच ठळक शक्यता: डीफॉल्ट अॅप बदललंय, किंवा ओटीपी कॉलवर मागवला आणि कॉल वळवलेला होता. 'ओटीपी येऊन पडला होता, मी बघितलाच नाही' असं असेल तर अॅप नुसतं चोरून वाचतंय.

याच कारणाने पाठवलेल्या मेसेजमध्येही खूण राहते. नंबर पडताळण्यासाठी यूपीआय अॅप तुमच्या सिमवरून एक सांकेतिक मेसेज पाठवतं: अक्षरं आणि आकडे यांची लांब, निरर्थक वाटणारी माळ. तुम्ही नवं यूपीआय अॅप जोडलेलं नसताना असा मेसेज गेलेला दिसला, तर तुमच्या नंबरवर दुसरीकडे यूपीआय बसवण्याचा प्रयत्न झालाय. स्क्रीनशॉट घ्या आणि बँकेला हे वेगळं, स्पष्ट सांगा. नुसतं 'फोन हॅक झाला' म्हटलं तर पलीकडचा माणूस कार्ड बंद करून फोन ठेवतो.

सहावी तपासणी: दुसरं अॅप शोधणं (अर्धा तास, शांतपणे)

होम स्क्रीनवर शोधू नका. सेटिंग्ज, अॅप्स, 'सी ऑल अॅप्स'. पूर्ण यादी वरून खालपर्यंत वाचा. त्याआधी पाच यादींतून संशयितांची नावं गोळा करा, म्हणजे शेकडो नावांत चाचपडावं लागत नाही. यातल्या बहुतेक याद्या 'स्पेशल अॅप अॅक्सेस' मध्ये असतात, सापडल्या नाहीत तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाका.

'इन्स्टॉल अननोन अॅप्स': एपीके बसवायची परवानगी कुणाला आहे. व्हॉट्सअॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांची बंद करा. तिथे एखादं अनोळखी अॅप परवानगीसकट बसलेलं दिसलं तर आणून सोडणारं पहिलं अॅप बहुधा तेच.

अॅक्सेसिबिलिटी: अंध किंवा अपंग व्यक्तींसाठी केलेली ही सोय ज्या अॅपच्या हाती जाते ते स्क्रीन वाचतं, तुमच्या वतीने बटणं दाबतं. सेटिंग्जचं पान आपोआप बंद होण्यामागे बहुधा हेच असतं. टॉकबॅकसारख्या (पडदा वाचून दाखवणाऱ्या) ओळखीच्या सेवा सोडून तिथे काहीही चालू नको.

नोटिफिकेशन अॅक्सेस: मेसेजची परवानगी न मागताही ओटीपी वाचायची ही चोरवाट. ओटीपीची सूचना पडद्यावर आली की ती वाचली जाते. स्मार्ट घड्याळाचं अॅप इथे असणं रास्त आहे, 'चलान' नव्हे.

'डिस्प्ले ओव्हर अदर अॅप्स': बँकेच्या अॅपवर खोटं पान पांघरण्यासाठी.

'डिव्हाइस अॅडमिन अॅप्स': इथे नाव असेल तर अनइन्स्टॉलचं बटण फिकट पडतं. आधी इथून टिक काढायची, मग अॅप काढायचं. 'फाइंड माय डिव्हाइस' (आता 'फाइंड हब') आणि ऑफिसचं मेल अॅप इथे असू शकतं.

संशयिताचं पान उघडलं की तळाशी बघा. बऱ्याच फोनमध्ये 'अॅप डिटेल्स' खाली ते कुठून बसलं ते लिहिलेलं असतं. प्ले स्टोअर नसेल आणि फोनसोबतही आलेलं नसेल तर ते का आहे याचं उत्तर तुमच्याकडे हवं. वेष पालटलेली अॅप्स 'गूगल प्ले सर्व्हिसेस' किंवा 'सिस्टम अपडेट' अशी नावं घेतात, काहींचं नाव कोरं असतं. ओळखायची युक्ती सोपी: खऱ्या प्ले सर्व्हिसेसच्या पानावर सरळ अनइन्स्टॉलचं बटण नसतं, फार तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असतं. सरळ अनइन्स्टॉल दिसलं तर तोतया पकडला.

अॅप काढू देत नसेल, पान बंद करत असेल, तर सेफ मोड. पॉवर बटणाने येणाऱ्या मेनूत 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरा. रेडमी-पोकोमध्ये फोन बंद करून चालू करताना लोगो दिसला की आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवा. कोपऱ्यात 'सेफ मोड' लिहिलेलं दिसेल. या अवस्थेत बाहेरून बसवलेली अॅप्स चालत नाहीत, त्यामुळे तुमची बटणं कुणी दाबत नाही. आधी अॅडमिन काढा, मग अॅक्सेसिबिलिटी, मग अनइन्स्टॉल. आणि लक्षात असू द्या, दोन शोधायची आहेत. एकच सापडलं तर यादी पुन्हा वाचा.

नावं लिहून घेतल्याशिवाय आणि स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय काही काढू नका.

सातवी तपासणी: प्ले प्रोटेक्ट

प्ले प्रोटेक्ट ही गूगलची फोनमधलीच अॅप तपासणी. प्ले स्टोअर, वरचा फोटो, प्ले प्रोटेक्ट, स्कॅन. ते बंद केलेलं आढळलं तर तीच एक खूण आहे: 'इन्स्टॉल होत नसेल तर प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं या फाइलींसोबत सांगितलं जातं. चालू करा, सोबतचा 'इम्प्रूव्ह हार्मफुल अॅप डिटेक्शन' चा पर्यायही चालू करा. पण स्कॅन स्वच्छ आला म्हणून सहावी तपासणी टाळू नका. या फाइली रोज नाव आणि बांधणी बदलून येतात, ओळख पटायला वेळ लागतो. दोन-तीन फुकट अँटिव्हायरस एकाच वेळी घालण्यात अर्थ नाही. फोन मंदावतो आणि जाहिराती वाढतात.

आठवी: फॅक्टरी रीसेट

अॅक्सेसिबिलिटी किंवा अॅडमिनची परवानगी दिलेली होती, किंवा दुसरं अॅप सापडलंच नाही, तर रीसेट कराच. आमच्या मते या दोन परिस्थितींत 'बहुतेक गेलं असेल' वर बँकेचा फोन चालवू नये. क्रम असा:

तक्रार नोंदवली असेल तर आधी पोलिसांना विचारा, फोन पुरावा म्हणून लागणार आहे का. गूगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे याची खात्री करा. तो नसेल तर रीसेटनंतर फोन त्याच खात्याची मागणी करत अडून बसतो. फोटो, व्हिडिओ, संपर्क यांचा बॅकअप घ्या. अॅप्सचा घेऊ नका.

इथेच पुष्कळांची मेहनत वाया जाते. फोन कंपनीच्या 'क्लोन' प्रकारच्या साधनाने जुन्या फोनवरून सगळं उचलून नव्यात टाकलं, की त्यात ती एपीके बसवलेल्या अवस्थेत येऊ शकते. व्हॉट्सअॅपचं 'डॉक्युमेंट्स' फोल्डर आणि 'डाउनलोड्स' जसंच्या तसं कॉपी केलं तर मूळ फाइल येते. ती नुसती पडून असेल तर काही करत नाही, पण घरातलं पोर ती उघडतं. मेमरी कार्ड असेल तर तेही काढून वेगळं तपासा. अॅप्स नव्याने, प्ले स्टोअरवरूनच घ्या.

आता पासवर्ड. आधी गूगल खातं, कारण बाकीच्यांच्या किल्ल्या तिथे येतात: 'युअर डिव्हायसेस' मधली अनोळखी उपकरणं काढा, पासवर्ड बदला. मग बँक, यूपीआय पिन, व्हॉट्सअॅपचा पिन. सिम परत घालून *#२१# पुन्हा एकदा लावा. पुढचे दोन दिवस बँकेचं खातं रोज बघा.

कधी थांबून दुसऱ्याकडे द्यायचं

सेफ मोडमध्येही अॅडमिन निघत नसेल, रीसेटनंतर तेच अॅप परत दिसत असेल किंवा फोन रूट केलेला (आतली सुरक्षा काढून पूर्ण ताबा घेतलेला) असेल, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जा आणि सॉफ्टवेअर पूर्ण नव्याने घालून घ्या. गल्लीतल्या दुकानात अनलॉक केलेला, बँकेची अॅप्स उघडी असलेला फोन तासभर सोडून जाणं हा वेगळाच धोका.

फोनमध्ये ऑफिसचं मेल किंवा पतसंस्थेचं, दवाखान्याचं काम असेल तर स्वतः काही काढण्याआधी तिथल्या आयटीच्या माणसाला सांगा. लाज वाटून दोन दिवस लपवणं महागात पडतं: सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थांना ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात.

बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं तत्त्व असं: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार नाही. पिन ग्राहकानेच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. एपीकेच्या प्रकरणात बँक दुसऱ्या कलमाकडे बोट दाखवण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच आहे: कळवल्याची नोंदलेली वेळ. तक्रार क्रमांकाशेजारी तारीख आणि मिनिटांसकट वेळ लिहून ठेवा.

चलान खरं आहे का हे बघायचं असेल तर आलेल्या दुव्यावर बोट न ठेवता ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाका: महाराष्ट्रासाठी वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ई-चलान पोर्टल, देशभरासाठी परिवहनचं ई-चलान पोर्टल. दोन्हींच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे काही आकडे टाकले की दंड असेल तर दिसतो, आणि तो भरायला कुठलीही फाइल इन्स्टॉल करावी लागत नाही.